बँडवाल्याचे नाव काय?



लग्नाची तिथी धरली की यजमानाच्या डोक्यात दोन सुपाऱ्या घोळू लागतात. एक गणपतीपुढे मांडायची आणि दुसरी बँडवाल्याच्या हातावर ठेवायची. पहिली विसरली तर भटजी आठवण करून देतात. दुसरी विसरली तर सारे गाव आठवण करून देते!

वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातल्या कामरगावला एका लग्नाला गेलो होतो. वरात निघायला अवकाश होता. बँडवाली मंडळी मांडवाच्या कडेला उन्हातच उभी होती. त्यांतल्या क्लॅरिनेटवाल्या म्हाताऱ्याने ओठ ओले करून सहज एक जुनी चाल धरली. आणि पोरेटोरे तर सोडाच, पण दोघे-तिघे फेटेवालेही जागच्या जागी पाय हलवू लागले. चाल होती 'अलबेला' या चित्रपटातली, म्हणजे १९५१ सालची.

मी विचारले, "बाबा, हे कोणाकडे शिकलात? काही कागदबिगद आहे का?"

"कागद कोठचा, भाऊ! कानानं आयकलं, बोटायनं धरलं."

पण त्या चालीला एके काळी कागद होता, बरे का. तो कागद कोणी लिहिला, याची गोष्ट आज तुम्हांला सांगायची आहे. गोष्ट सातासमुद्रापलीकडे जाऊन पुन्हा कामरगावच्या मांडवातच येणार आहे. तेव्हा थोडा धीर धरा.

अमेरिकेच्या दक्षिण भागात न्यू ऑर्लिन्स नावाचे शहर आहे. १८६५ साली अमेरिकेतली गुलामगिरी संपली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या काळ्या वादकांनी लष्करी बँडचीच वाद्ये हाती घेऊन एक नवे संगीत उभे केले. तेच जाझ. हे वादक मिरवणुकीत वाजवीत, तसे प्रेतयात्रेतही वाजवीत. जाताना संथ सूर, आणि माती देऊन परतताना उडती चाल! आणि आपला लग्नाचा बँड तरी कुठला? तोही गोऱ्या पलटणींच्या आणि संस्थानिकांच्या बँडवरूनच आपल्या दारी आला. तेव्हा कामरगावचा क्लॅरिनेटवाला आणि न्यू ऑर्लिन्सचा क्लॅरिनेटवाला हे नात्याने मावसभाऊ ठरतात.

१९३०च्या पुढे या जाझला मोठ्या नाचघरांत 'स्विंग' हे रूप आले. बारा-पंधरा वादकांचा ताफा. एका ओळीत ट्रंपेट, दुसरीत ट्राँबोन, तिसरीत सॅक्सोफोन. आणि ताल धरायला पियानो, गिटार, मोठा उभा बेस व ड्रम. भजनात बुवा एक ओळ म्हणतात आणि टाळकरी ती झेलतात ना, तसा या ओळींचा आपसांत सवाल-जबाब चालतो. मुखडा ठरलेला, पण मधेच एखादा वादक उभा राहतो आणि आपल्या मनाच्या ताना घेतो. तालातली खुबी म्हणाल तर अशी : चार मात्रांत वजन द्यायचे ते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. शिवाय एका मात्रेचे मनात तीन भाग करायचे, पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला गाळायचा. मांडीवर थाप देऊन पाहा. झोका आपोआप येतो. 'स्विंग' या शब्दाचा अर्थही झोकाच!

हा झोका मुंबईला आला ताजमहाल हॉटेलात. १९३५ साली लिऑन अॅबी हा अमेरिकन व्हायोलिनवादक काळ्या वादकांचा ताफा घेऊन तिथे उतरला. पुढे टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादकही आला. त्यांचे वादन कान टवकारून ऐकणारे होते गोव्याचे तरुण. गोव्यात चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्यामुळे कागदावरचे संगीत त्यांना आपल्या बाराखडीसारखे वाचता येई. अल्दोना गावचा आंतोनियो झेवियर वाझ त्यांपैकीच एक. त्याचा जन्म १९१६चा. ट्रंपेट असा वाजवी की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पण त्याचे बोलण्यातले नाव होते चिक चॉकलेट.

मग दिवस पालटले. १९४७ साली इंग्रज गेले, मागोमाग संस्थाने विलीन झाली, आणि १९५० साली मुंबईत पुरी दारूबंदी आली. हॉटेलांतल्या नाचाच्या रात्री ओसरल्या. वादकांनी पोटासाठी चित्रपटांच्या स्टुडिओची वाट धरली. तिथे त्यांची गाठ पडली आपल्या मराठी माणसाशी. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणे शिकलेले, पण कानाचे दरवाजे चारी दिशांना उघडे ठेवलेले! चिक चॉकलेट त्यांचा साहाय्यक झाला. 'अलबेला' या दोघांच्याच मेळातून रंगला. त्या चित्रपटात चिक आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतो. आणि त्यात नाचणारे, चित्रपटाचे दिग्दर्शकही असलेले मास्टर भगवान कुठले? त्यांचा जन्म आपल्या शेजारच्या अमरावतीचा. तेव्हा वऱ्हाडच्या वरातीत ती चाल वाजली, तर ती परक्या घरी आली असे कोण म्हणेल?

आता कागदाकडे येऊ. संगीतकार पेटीवर चाल बांधी. ती पन्नास वादकांत वाटायची कशी? ट्रंपेटने कुठे शिरायचे, व्हायोलिनांनी कुठे थांबायचे, हे स्वरलिपीत लिहून काढणारा अरेंजर लागे. हे काम बहुतेक गोव्याच्या मंडळींनी केले. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्सालविस, फ्रँक फर्नांड अशी कितीतरी माणसे. ध्वनिमुद्रिकेवर गायकाचे नाव आले, संगीतकाराचे आले. यांचे मात्र क्वचितच. यांपैकी अँथनी गोन्सालविसचे नाव १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यामुळे देशभर झाले. ते व्हायोलिनचे गुरुजी, आणि त्या चित्रपटाच्या संगीतकारांपैकी प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. शिष्याने गुरूचे ऋण असे फेडले. पण गंमत पाहा, गाणे वरातीवरातीत वाजले आणि या नावाचा खराच कोणी मनुष्य होता हे ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक झाले!

पुढे स्टुडिओत कळफलकाचे यंत्र आले. एक माणूस पन्नासांचा आवाज काढू लागला, आणि वाद्यवृंद पांगला. आज तेच मांडवात घडते आहे. डीजेची गाडी येते; काचा हादरतात, म्हातारी माणसे छातीवर हात ठेवतात. मी यंत्राचा शत्रू नाही. अहो, मीही यंत्रातूनच बोलतो आहे! पण यंत्राला वरातीतली आजी दिसत नाही. वाजवणाऱ्याला दिसते. आजी थकली की तो लय उतरवतो, नवरदेवाचे मित्र रंगात आले की तोच मुखडा चौथ्यांदा घेतो. समोरच्या माणसाकडे बघून वाजवणे, हाच तर जाझचा जीव. तो कामरगावच्या बँडात आहे.

म्हणून सुपारी द्याल तेव्हा पाच गोष्टी लक्षात ठेवा. माणसे किती येणार आणि किती वेळ वाजवणार हे आधी ठरवा, आणि ठरल्यापेक्षा जास्त वेळ वाजवून घेतले तर जास्त पैसे द्या. उभे राहायला सावली द्या. पंगतीत शेवटच्या खरवडीवर त्यांना बसवू नका. घागर भरून पाणी जवळ ठेवा, कारण फुंकून वाजवणाऱ्याचा घसा कोरडा पडतो. बिदागी रात्री उशिरा "उद्या या" म्हणून टाळू नका.

आणि सहावी गोष्ट म्हणजे त्यांना नाव विचारा. ही मी अनुभवाने सांगतो आहे. कामरगावच्या त्या म्हाताऱ्याजवळ मी अर्धा तास उभा होतो. त्याची चाल विचारली, कागद विचारला, क्लॅरिनेटची पट्टी कुठून आणतो तेही विचारले. बसमध्ये बसल्यावर ध्यानात आले, की त्याचे नाव विचारायचे राहूनच गेले. चिक चॉकलेटच्या मंडळींची नावे न छापणाऱ्यांना मी दोष देत होतो, आणि त्यांच्या रांगेत मीही जाऊन बसलो.

पुढच्या लग्नसराईत मी ते विचारीन. तोवर तुमच्या दारी जो येईल, त्याला तुम्ही विचारा.