भरपाई कोणाकडे मागायची?

(नागरिकांसाठी योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)



दिल्लीच्या चांदणी चौकात, टाउन हॉलसमोर, एके काळी एक घंटाघर उभे होते. 1951 साली ते एकाएकी कोसळले आणि खालून जाणारी माणसे ढिगाऱ्याखाली प्राणास मुकली. त्यानंतर मृतांच्या घरच्यांनी जे केले, ते आपल्याकडे आजही सहसा घडत नाही. ते हात जोडून कोणाच्या दारात उभे राहिले नाहीत. घंटाघर ज्या नगरपालिकेच्या मालकीचे होते तिच्यावर त्यांनी दिवाणी दावे दाखल केले.

नगरपालिकेने जो बचाव घेतला तो आजही आपल्या कानांवर पडतो. इमारतीतला दोष बाहेरून दिसत नव्हता, मग तो आम्हांस कळावा तरी कसा? पण साक्षीपुराव्यात वेगळेच बाहेर आले. घंटाघराला सुमारे ऐंशी वर्षे झाली होती. ज्या प्रतीचा चुना त्याच्या बांधकामात होता, तशा इमारतीचे आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे धरले जाते. चुन्याची पकड जाऊन त्याची भुकटी झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1966 साली निर्णय दिला की रस्त्यालगतच्या इमारतीची निगा राखणे हे तिच्या मालकाचे कर्तव्य आहे. दोष ठाऊक होता वा नव्हता, एवढ्याने त्याची सुटका होत नाही. घंटाघरे आपण होऊन पडत नसतात. ते पडले हाच निष्काळजीपणाचा प्रथमदर्शनी पुरावा, आणि तो खोडून काढण्याचा भार मालकावर.

न्याय मिळाला, परंतु त्यास पंधरा वर्षे लागली. ह्या एका खटल्यात आपल्या आजच्या विषयाची उजळ आणि काळोखी अशा दोन्ही बाजू सामावलेल्या आहेत.

आता अलीकडची घटना पाहू. 13 मे 2024 रोजी वादळी वाऱ्यात घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर अजस्र जाहिरात फलक कोसळला आणि 17 जणांचा बळी गेला. मुंबईत 40 फूट बाय 40 फुटांहून मोठ्या फलकास अनुमती नसताना हा फलक 120 फूट बाय 120 फुटांचा होता. तो काही रात्रीत उगवला नव्हता; येणारे-जाणारे सारे त्याला पाहत होते. शासनाने मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी पाच लाखांची ‘मदत’ जाहीर केली. ती तातडीची होती, आवश्यकही होती. तिच्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या शब्दापुढे आपला विचार थांबतो ह्याविषयी.

मदत देणारा दाता असतो आणि घेणारा याचक. भरपाईचे तसे नाही. भरपाई हे देणे असते. ज्याच्या हयगयीने हानी झाली त्याने ते चुकते करायचे असते आणि ते मागताना मान खाली घालण्याचे कारण नसते. मदतीचा आकडा मंत्रिमहोदय ठरवतात आणि तो सर्वांना सारखा असतो. भरपाईचा आकडा मात्र गेलेल्या माणसाचे वय, त्याची मिळकत, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे ह्यांचा हिशेब करून न्यायालय ठरवते. घरचा कर्ता पस्तिसाव्या वर्षी गेला तर त्याच्या पुढच्या पंचवीस वर्षांच्या कमाईचे मोल पाच लाख कसे होईल? हा प्रश्न विचारणे म्हणजे दुःखाचा बाजार मांडणे, अशी आपल्या मध्यमवर्गीय मनाची समजूत आहे. ‘पैसे घेऊन काय करायचे, माणूस तर परत येणार नाही,’ हे वाक्य शोकघरात हटकून ऐकू येते. बोलणाऱ्याचा भाव शुद्ध असतो, पण मुलांच्या शिक्षणाचे हप्ते त्या भावावर भरले जात नाहीत.

ही कल्पना इंग्रजांनी आणली आणि आपल्या स्वभावाला ती मानवत नाही, असेही कोणी म्हणतात. ते खरे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या व्यवस्थेचे जे प्रकरण आहे, त्यात गल्लीत केरमाती टाकणाऱ्यास आणि चिखलपाणी साचवून वाट अडवणाऱ्यास दंड सांगितला आहे. तेच राजमार्गावर केले तर दंड दुप्पट. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघाताचा विचार आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस मोडला अशा प्रसंगी दोष कोणाचाच नाही. परंतु हाकणारा अकुशल असल्यामुळे गाडी भरकटून इजा झाली, तर दंड गाडीच्या मालकास. अडाणी माणसाच्या हाती कासरा देणाऱ्याने उत्तर दिले पाहिजे, हे तत्त्व आजच्या मोटार अपघात न्यायाधिकरणातही ओळखीचे वाटेल. तथापि पूर्वजांना हे सुचले होते एवढे म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही. वाटेवर चिखलपाणी साचते ते आजच्या गल्लीत.

आपल्या कायद्याची एक विसंगती समजून घेतली पाहिजे. ज्या अपघातांसाठी स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र न्यायाधिकरण आहे, तेथे सामान्य माणसाला वाट सापडते. वाहनाने धडक दिली तर मोटार अपघात न्यायाधिकरण आहे. तेथे नाममात्र शुल्कात अर्ज करता येतो, तोही आपण राहतो त्या भागात, आणि विमा कंपनी समोर असते. चालत्या गाडीतून प्रवासी पडला तर रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे. तेथे रेल्वेची चूक सिद्ध करण्याचीही गरज नाही आणि मृत्यूसाठी 2017 पासून आठ लाखांची भरपाई ठरलेली आहे. पण गटारात पडलात, झाड अंगावर आले, भिंत खचली, तर? तेथे उरतो तो साधा दिवाणी दावा. त्याला मागणीच्या प्रमाणात वाढणारे न्यायालयीन शुल्क, वकील, तारखा आणि घंटाघराची पंधरा वर्षे.

शिवाय न्यायालयाचा कल कोठे जाईल ह्याची शाश्वती नाही. 1975 साली राजकोटमध्ये पायी कचेरीत निघालेल्या एका गृहस्थावर रस्त्याकडेचे झाड अकस्मात पडले आणि ते वारले. पत्नीने दावा लावला. खालच्या न्यायालयात ती जिंकली, उच्च न्यायालयातही जिंकली. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला मुक्त केले. प्रत्येक झाडाच्या प्रकृतीची सतत तपासणी करीत राहणे आपल्या देशाच्या परिस्थितीत महापालिकांना शक्य नाही, असा त्या निकालाचा आशय होता. बावीस वर्षे लढून त्या बाईंच्या पदरी हे पडले. निकालाचा आदर राखूनही म्हणावे लागते की हा तर्क मनाला पटत नाही. सर्व झाडे तपासता येत नाहीत हे मान्य. पण म्हणून न तपासण्याचा धोका पादचाऱ्याच्या डोक्यावर का?

ह्याच्या अगदी उलट निकाल जबलपूरच्या एका कामगाराच्या प्रकरणी लागला. 1997 सालच्या ऑगस्टमधली पावसाची रात्र. कारखान्यातून सायकलने घरी परतणारा सदतीस वर्षांचा माणूस. रस्त्यावर पाणी, आणि त्या पाण्यात तुटून पडलेली विजेची जिवंत तार. वीज मंडळाचे म्हणणे असे, की शेजारच्या एका माणसाने चोरून वीज घेतली होती, ती तार त्याची; आमचा दोष काय? 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. विजेसारखी घातक वस्तू हाताळण्याचा व्यवसाय जो करतो, त्याने तिच्यामुळे होणाऱ्या हानीची जबाबदारी घेतलीच पाहिजे. निष्काळजीपणा सिद्ध झाला पाहिजे अशी अटच नाही. त्या कुटुंबाला चार लाख चौतीस हजार रुपये मिळाले. गावोगावी पावसाळ्यात तारा तुटतात आणि शेतकरी, गुरे, शाळकरी मुले दगावतात. त्यांच्या घरच्यांपर्यंत हा निकाल पोहोचवणे हे कार्यकर्त्यांनी हाती घेण्याजोगे काम आहे.

खड्ड्यांच्या बाबतीत महाराष्ट्राला आता थोडी वाट मोकळी झाली आहे. 2013 साली न्यायमूर्ती गौतम पटेल ह्यांनी मुख्य न्यायमूर्तींना मुंबईच्या रस्त्यांविषयी पत्र लिहिले आणि उच्च न्यायालयाने त्याचीच जनहित याचिका करून घेतली. तिच्यातून निघालेल्या आदेशांचे पालन होत नाही हे पाहून ऑक्टोबर 2025 मध्ये खंडपीठाने रकमाच ठरवून दिल्या. खड्ड्यामुळे वा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख. जखमी झाल्यास इजेच्या मानाने पन्नास हजार ते अडीच लाख. अर्जाचा विचार महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव ह्यांच्या समितीने करायचा, सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे आणि ती रक्कम दोषी अधिकारी वा ठेकेदाराकडून वसूल करायची. सहा लाख म्हणजे काही पुरी भरपाई नव्हे. तरी ही रक्कम हक्काची आहे, आणि वसुली ठेकेदाराच्या खिशातून व्हायची आहे, हे महत्त्वाचे.

दुचाकीवर विसंबलेल्या घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुलगा खड्ड्यात स्वतःच पडला, दुसरे वाहन मध्ये नव्हते, तर गाडीच्या सक्तीच्या विम्यातून त्याला काहीही मिळत नाही, कारण तो विमा दुसऱ्याच्या हानीसाठी असतो. त्याच्या जोडीला मालक-चालकासाठी पंधरा लाखांचे अपघात विमासंरक्षण 2018 पासून ठरलेले आहे. पण ते ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याजवळ वैध परवाना आहे त्यालाच. वडिलांच्या नावाची स्कूटर चालवणारा मुलगा त्यात बसत नाही. निम्म्या घरांत गाडी एकाच्या नावावर आणि चालवतो दुसराच! मुलासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा घेणे हाच त्यावर उपाय.

दावा बहुधा फसतो तो पहिल्या दोन दिवसांत, आणि तोही रुग्णालयाच्या दारात. तातडीच्या विभागात डॉक्टर विचारतात, ‘काय झाले?’ घाबरलेला नातेवाईक सांगतो, ‘गाडीवरून पडला.’ कागदावर तेवढेच उमटते. ‘अमुक रस्त्यावर, अमुक दुकानासमोरच्या खड्ड्यात चाक जाऊन पडला’ असे लिहून घेतले, तर तोच कागद पुढे साक्षीदार होतो. पोलिसांकडे नोंद आणि पंचनामा व्हायलाच हवा. जागेची छायाचित्रे त्याच दिवशी काढावीत, शेजारी मोजपट्टी ठेवून. कारण एरवी वर्षानुवर्षे न भरणारा खड्डा अपघातानंतर एका रात्रीत भरला जातो, हा आपल्या नगरपालिकांचा विशेष गुण आहे. उपचारांच्या पावत्या, पगारपत्रक, दोन साक्षीदारांची नावे एका पाकिटात ठेवावीत. मुदतीही कडक आहेत. मुंबई महापालिकेवर दावा लावायचा तर कायद्याच्या कलम 527 प्रमाणे आधी एक महिन्याची लेखी नोटीस आणि घटनेपासून सहा महिन्यांत दावा. वर्षश्राद्धानंतर पाहू म्हणणाऱ्यांचा हक्क तोवर संपलेला असतो.

आता थोडे आपल्याकडे वळू. 29 ऑगस्ट 2017 च्या मुसळधार पावसात मुंबईतले एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ पाण्यातून चालत घरी निघाले होते. ते उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी वरळीला त्यांचा मृतदेह सापडला. त्या मॅनहोलचे झाकण पाण्याचा निचरा व्हावा म्हणून उघडल्याच्या आरोपावरून पोलिसांनी जवळच्या इमारतीतल्या काही रहिवाशांना अटक केली. पुढे महापालिका झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसवू लागली. कोणाच्या मनात कोणाचे वाईट करण्याचा विचार नसेल. घरात शिरणारे पाणी जावे एवढीच इच्छा असेल. पण उघड्या झाकणाशी एक माणूस उभा करणे, काठीला लाल फडके बांधून रोवणे, एवढे तर कोणालाही करता आले असते.

घंटाघराचा निकाल केवळ नगरपालिकांना लागू आहे असे समजू नये. रस्त्यालगत ज्याची इमारत आहे त्या प्रत्येकाला तो लागू आहे. म्हणजे आपल्या गृहनिर्माण संस्थांनाही. सुटलेला गिलावा, गंजलेला पत्रा, तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरची तुळशीची कुंडी खालच्या माणसावर पडली, तर उत्तर आपल्याला द्यायचे आहे. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. तरीही रंगकामाची वर्गणी पहिल्या आठवड्यात जमते आणि ह्या तपासणीचा विषय ‘पुढील सभेत चर्चा करण्याचे ठरले’ ह्या वाक्यावर अडतो.

आणि राजकोटच्या झाडावर एक उपाय आपल्या हाती आहे. त्या खटल्यात महापालिका सुटली, कारण धोका आधी दिसत नव्हता असे धरले गेले. झाड कलले आहे, फांदी वाळली आहे, मॅनहोलचे झाकण डुगडुगते आहे, असे नागरिकांनी लेखी कळवले असेल तर ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ म्हणण्याची सोय उरत नाही. तेव्हा पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गल्लीतून चार-पाच जणांनी फेरी मारावी, जे धोकादायक दिसेल त्याचे ठिकाण लिहून विभाग कार्यालयास पत्र द्यावे, दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का आणि तारीख घ्यावी, आणि ती प्रत संस्थेच्या दप्तरात लावावी. सचिव दर वर्षी बदलतात, दप्तर राहते.