काचपेटीतील प्रवाळ आणि त्यांचे शत्रू



कीड म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. परंतु दगडासारख्या दिसणाऱ्या प्रवाळालाही कीड लागते, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. प्रवाळ हा वास्तविक दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. तो चुन्याचे घर बांधून राहणाऱ्या लहान लहान प्राण्यांचा समूह होय. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाले वास करतात. ती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानाला देतात. अमेरिका, युरोप, जपान येथे खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत असे जिवंत प्रवाळ घरी वाढविण्याचा छंद गेल्या काही दशकांत रुजला आहे. या छंदातून मिळालेला धडा मात्र केवळ छंदापुरता मर्यादित नाही.

पाहुण्याबरोबर येणारा शत्रू

काचपेटीतील कीड बहुधा नव्याने आणलेल्या प्रवाळाच्या तुकड्याबरोबरच आत शिरते. ॲक्रोपोरा या शाखायुक्त प्रवाळाचे मांस खाणारा एक चपटा कृमी याचे उत्तम उदाहरण आहे. खाल्लेल्या मांसातील शैवाले त्याच्या पोटात साठतात. त्यामुळे त्याचा रंग प्रवाळासारखाच होतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते केवळ त्याने खाल्ल्याचे फिकट गोल डाग. काचपेट्यांतील नमुन्यांवरून २०११ साली या कृमीचे शास्त्रीय वर्णन झाले. समुद्रात तो आढळल्याची पहिली नोंद त्यानंतर, २०१२ साली, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधून प्रसिद्ध झाली. समुद्रात इतका काळ नजरेआड राहिलेला हा जीव पेटीत मात्र प्रवाळांच्या वसाहतीच फस्त करतो. समुद्रात किडीला खाणारेही असतात; पेटीत ती साखळी तुटलेली असते.

घाईचे उपाय

किडीवर तुटून पडावे, ही स्वाभाविक प्रवृत्ती आहे. पण येथे ती अंगलट येते. एप्टेशिया नावाचे लहानसे तपकिरी समुद्रपुष्प प्रवाळांना डंख मारून त्यांची जागा बळकावते. ते खरवडून काढावे, तर मागे राहिलेल्या कणाकणातून नवे समुद्रपुष्प उगवते. एकाची दहा होतात. प्रवाळांवरील सूक्ष्म लाल किड्यांवर कुत्र्यांच्या हृदयकृमीवरील औषध लागू पडते. परंतु हे किडे कोळंबीच्या दूरच्या नात्यातले असल्याने तेच औषध पेटीतील कोळंब्या व खेकडेही मारते. नको असलेले झोआंथिड जातीचे जीव दगडावरून काढण्यासाठी काहींनी तो दगड उकळत्या पाण्यात टाकला. तेव्हा त्या जीवांतील जहाल विष वाफेबरोबर पसरून घरातील माणसांनाच बाधा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

धीराचा उपाय

खात्रीचा उपाय आहे तो उंबरठ्यावरचा. नवा प्रवाळ आणताच तो मुख्य पेटीत न सोडता औषधी द्रावणात बुडवून काढावा आणि काही आठवडे वेगळ्या पेटीत ठेवावा. एकदाच बुडवून काम भागत नाही. चपट्या कृमीची अंडी प्रवाळाच्या उघड्या सांगाड्यावर घट्ट चिकटलेली असतात आणि द्रावणाला दाद देत नाहीत. ती खरवडून काढावी लागतात. राहून गेलेली अंडी पुढे फुटतील हे जाणून ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा द्रावणाचा प्रयोग करावा लागतो.

दुसरा मार्ग निसर्गाचाच आहे. बर्घिया नावाची कवच नसलेली समुद्री गोगलगाय केवळ एप्टेशिया खाऊन जगते. आपल्याकडे परदेशातून आलेल्या आणि १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलेल्या गाजरगवतावर १९८४ पासून मेक्सिकन भुंगे सोडण्यात आले, त्यामागील तत्त्व हेच. मात्र असा प्रत्येक मदतनीस केवळ शत्रूलाच खातो ना, याची आधी कसून पारख व्हावी लागते.

पेटीचे दार आणि समुद्र

काचपेटीतील उपद्रव पेटीतच राहील, याची शाश्वती नसते. कॅलिफोर्नियात २००० साली किनाऱ्यावरील एका खाजणात काचपेट्यांत ठेवले जाणारे एक परके शैवाल फैलावलेले आढळले. ताडपत्रीखाली झाकून व क्लोरिन सोडून ते नष्ट करावे लागले. ते समूळ गेल्याचे २००६ साली जाहीर झाले. तोवर ७० लाख डॉलरहून अधिक खर्च झाला होता. कोणी तरी रिकाम्या केलेल्या एका पेटीची ही किंमत असावी!

आपल्या देशात कठीण प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाप्रमाणेच ते काढणे, बाळगणे वा विकणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात प्रवाळ आहेत. ते घरी आणण्याची नव्हे, आहेत तेथे जपण्याची गोष्ट आहे. शोभेच्या माशांची पेटी शाळेत वा घरी ठेवणाऱ्यांनी तिच्यातील मासे, वनस्पती किंवा पाणी ओढ्यात, तळ्यात वा खाडीत सोडू नये. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी प्रवाळाचे तुकडे विक्रीस दिसताच वनखात्यास कळवावे. शिक्षकांनी हा विषय वर्गात आवर्जून मांडावा.

कीड आत आल्यावर औषध शोधण्यापेक्षा दाराशीच तपासणी करणे स्वस्त पडते, हे बियाण्याला खरे आहे, गुरांना खरे आहे आणि समुद्रालाही तितकेच खरे आहे.