वंदे मातरम् आणि मास्तर कृष्णराव

स्वदेशाच्या स्वातंत्र्यासाठीं झटलेल्या संगीतकारांची गोष्ट निघाली, म्हणजे पोलंडच्या पॅडेरेव्हस्कीचें नांव प्रथम घेतलें जातें. पियानोवादनानें युरोप-अमेरिका गाजविणारा हा कलावंत १९१९ सालीं आपल्या मुक्त झालेल्या देशाचा पंतप्रधान झाला. आपल्याकडील मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांस असें कोणतेंहि पद लाभलें नाहीं, व त्यांनीं तें इच्छिलेंहि नाहीं. त्यांचा सारा झगडा एका गीतासाठीं होता.

२० जानेवारी १८९८ रोजीं कृष्णरावांचा जन्म आळंदीस झाला. आळंदीचा तालुका खेड. तो ओलांडून उत्तरेस गेलें कीं प्रथम आंबेगांव व मग जुन्नर हे तालुके लागतात. याच टापूंतील, आंबेगांवच्या महाळुंगे पडवळ गांवचा गिरणीकामगार बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईस विलायती मालाच्या मोटारीपुढें उभा राहिला आणि तिच्याखालीं चिरडला गेला. त्या काळीं 'वंदे मातरम्' हे दोन शब्द सरकारच्या कानांस किती टोंचत, हें ध्यानांत घेतल्यावांचून कृष्णरावांच्या हट्टाचें मोल कळावयाचें नाहीं.

वास्तविक असा हट्ट धरण्याची त्यांस कांहींच गरज नव्हती. लहानपणीं नाटक मंडळींत गाजलेले हे गायक पुढें भास्करबुवा बखल्यांचे आवडते शिष्य झाले. १९२२ मध्यें बुवा निवर्तल्यावर गंधर्व नाटक मंडळींतील संगीताची जबाबदारी त्यांजकडे आली. 'प्रभात'च्या 'धर्मात्मा', 'गोपाळकृष्ण', 'माणूस', 'शेजारी' या बोलपटांच्या चाली त्यांच्याच. मैफल, रंगभूमि आणि बोलपट या तिन्ही ठिकाणीं ज्याचें नाणें खणखणीत वाजत होतें, त्या माणसानें सरकारशीं वांकडें घ्यावें तें कशासाठीं?

कृष्णरावांनीं 'वंदे मातरम्' झिंझोटींत बसविलें होतें. हा राग तसा साधा. भजनांत, पदांत रमणारा. जाणकार गवयाच्या हातीं तो रंगतो आणि चारचौघांच्या गळ्यांतहि उतरतो. मुंबई रेडिओवर एकदां गायनाच्या अखेरीस त्यांनीं हें गीत सुरू केलें, तोंच कार्यक्रम तोडण्यांत आला. मास्तरांनीं त्याचा निषेध केला आणि रेडिओवर गाण्याचें सोडून दिलें. हजारों घरीं आवाज पोंचविणारें असें दुसरें साधन तेव्हां नव्हतें. गवयानें आपण होऊन श्रोते गमवावे, हा त्याग लहान नव्हे. तुरुंगवासाच्या हिशेबांत मात्र तो कोणी धरीत नाहीं. स्वातंत्र्य आल्यावर १९४७ मध्यें रेडिओनें त्यांस सन्मानानें बोलाविलें, आणि पूर्वीं तोडलेलें गीत त्यांनीं त्याच रेडिओवरून गाइलें.

खरी परीक्षा पुढेंच होती. स्वतंत्र राष्ट्राचें गीत कोणतें, हा प्रश्न अजून सुटावयाचा होता. १९४७ मध्यें न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभेच्या वेळीं भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली, तेव्हां 'जन गण मन'ची ध्वनिमुद्रिका हाताशीं होती. वाद्यवृंदानें तें गीत वाजविलें आणि परदेशीयांस तें आवडलें. २५ ऑगस्ट १९४८ रोजीं पंडित नेहरूंनीं घटना समितींत यासंबंधीं निवेदन केलें. राष्ट्रगीतांत शब्दांपेक्षां चालीस महत्त्व अधिक, आणि 'वंदे मातरम्'ची चाल वाद्यवृंदास सोयीची नाहीं, असा त्यांचा एकंदर अभिप्राय होता.

हा आक्षेप पोकळ म्हणतां येणार नाहीं. आपली मींड गळ्यांत किंवा तारेवर शोभते. बँडच्या पितळी वाद्यांस प्रत्येक स्वर सुटा व ठाम लागतो. शिवाय पावलें पडतील अशी लय हवी, आणि गीत थोडक्यांत आटोपावें लागतें. दुसरा कोणी असता तर वर्तमानपत्रांत रागाचें पत्र लिहून स्वस्थ बसला असता. कृष्णराव कामास लागले. एकट्याच्या गळ्यास, समूहास व बँडास योग्य अशा निरनिराळ्या रचना त्यांनीं बांधल्या. बँडसाठीं पाश्चात्य स्वरलिपि हवी, म्हणून मुंबईच्या पोलीस बँडचे इंग्रज प्रमुख गार्डनर यांचें साह्य घेतलें. ज्या राजवटींत या गीतावर रोष होता, तिच्याच बँडवाल्यानें त्याचे स्वर कागदावर उतरावे, ही गंमतच म्हणावयाची! मग दिल्लीस जाऊन त्यांनीं पंडितजींस व घटना समितीच्या सभासदांस तें ऐकविलें. राष्ट्रभक्तीच्या भाषणाऐवजीं गाणेंच पुढें करावें, ही त्यांची रीत.

२४ जानेवारी १९५० रोजीं डॉ. राजेंद्रप्रसादांनीं घटना समितींत निर्णय सांगितला. 'जन गण मन' हें राष्ट्रगीत ठरलें आणि 'वंदे मातरम्'ला त्याच्या बरोबरीचा मान मिळाला. मास्तरांचें अर्धेंच मागणें मान्य झालें. परंतु हें गीत मागें पडलें नाहीं, याचें थोडें तरी श्रेय त्यांच्या खटपटीस द्यावयास हवें.

१९७१ मध्यें त्यांस 'पद्मभूषण' मिळालें, आणि २० ऑक्टोबर १९७४ रोजीं ते निवर्तले. आकाशवाणीवर सकाळीं जें 'वंदे मातरम्' लागतें, त्याची चाल मात्र देस रागाच्या अंगाची आहे. मास्तरांची झिंझोटी ऐकावयाची तर त्यांची ध्वनिमुद्रिका मिळवावी लागते.