घराचा सौदा आणि डोक्यावरचा पत्रा

अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीवरून खालीं गांवाकडे पाहिलें, म्हणजे मराठवाड्यांतील घरबांधणीच्या दोन-तीन पिढ्या एका दृष्टिक्षेपांत दिसतात. कोठें जुनें माळवद, कोठें पत्र्याचें छप्पर, कोठें काँक्रीटचा नवा स्लॅब. पत्र्यांतही दोन जाती आहेत. एक लोखंडाचा, दुसरा राखाडी, नागमोडी, ज्याला सारे लोक 'सिमेंटचा पत्रा' म्हणतात. हा दुसरा पत्रा उन्हांत लोखंडाइतका तापत नाहीं, गंजत नाहीं आणि खिशाला परवडतो. म्हणून तो पडवीवर, गोठ्यावर, न्हाणीघरावर आणि माणसांच्या निजण्याच्या खोल्यांवरही चढला. त्यांत सिमेंट असतें हें खरें. परंतु जुन्या पत्र्याला बळकटी देणारा पदार्थ निराळाच आहे. त्याचें नांव ॲस्बेस्टॉस.

ॲस्बेस्टॉस हें खाणींतून निघणारें तंतुमय खनिज होय. तो दगड पिंजला असतां कापसासारखे तंतु निघतात, आणि ते जळत नाहींत, कुजत नाहींत. विसाव्या शतकाच्या आरंभीं ऑस्ट्रियांतील लुडविग हाचेक या कारखानदारानें हे तंतु सिमेंटांत कालवून पातळ पत्रे काढण्याची कृति शोधली, आणि तें छप्पर जगभर पसरलें. मुंबईजवळच्या मुलुंडलाही पुढें अशा पत्र्यांचा कारखाना निघाला.

जो गुण छपराला तारतो, तोच शरीराला मारतो. हे तंतु सुटे झाले, म्हणजे डोळ्यांना न दिसतां श्वासाबरोबर फुप्फुसांत शिरतात. आणि जे अग्नीला दाद देत नाहींत, ते शरीराला तरी काय देणार? त्यांच्यामुळें फुप्फुस हळूहळू ताठर होतें. फुप्फुसाचा आणि त्यावरील आवरणाचा कर्करोगही होतो. ब्रिटनमध्यें कारखान्यांतील या धुळीविरुद्ध १९३१ सालींच नियम झाले. १९६० सालीं दक्षिण आफ्रिकेंतील डॉक्टरांनीं आवरणाच्या कर्करोगाचा संबंध खाणींच्या परिसरांतील वस्तीशीं जोडून दाखविला. रोग प्रकट होण्यास बहुधा वीस ते चाळीस वर्षें लागतात. म्हणूनच भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं या धंद्यांतील कामगारांच्या प्रकृतीच्या नोंदी किमान चाळीस वर्षें जपून ठेवण्याचा आदेश दिला. युरोपीय संघानें २००५ पासून या खनिजाचा वापर बंद केला. भारतांत मात्र छपराच्या पत्र्यांवर सरसकट बंदी झालेली नाहीं. तेव्हां सावध राहण्याचें काम घर घेणाऱ्याच्याच अंगावर येतें.

समजा, अंबडमधील एखादें कुटुंब जुनें घर विकत घेत आहे. पुढची खोली स्लॅबची, मागच्या दोन खोल्यांवर सिमेंटचे पत्रे. हें कळल्याबरोबर घाबरून सौदा मोडण्याचें कारण नाहीं. धड पत्र्यांत तंतु सिमेंटनें घट्ट धरून ठेवलेले असतात. पत्रा कापला, भोंसकला, घासला किंवा फोडला, म्हणजे ते सुटतात. निजलेल्या सापावर पाय न देणें जसें शहाणपणाचें, तसेंच हें आहे.

म्हणून इसार देण्यापूर्वीं कांहीं गोष्टी पाहाव्या. पत्र्यावर भारतीय मानक ४५९ चा शिक्का आढळला, तर तो ॲस्बेस्टॉसचाच समजावा. कारण तें मानक त्याच पत्र्यांसाठीं आहे. शिक्का नसला, तर नुसत्या नजरेनें निर्णय होत नाहीं. ॲस्बेस्टॉस नसलेले नवे पत्रेही तसेच दिसतात. सूक्ष्मदर्शकाखालीं प्रयोगशाळेंत परीक्षा झाली तरच खात्री पटते. ती होईपर्यंत जुना पत्रा ॲस्बेस्टॉसचाच मानून वागावें. मग त्याची अवस्था पाहावी. कडा झिजल्या आहेत काय, माळ्यावर राखाडी भुकटी पडते काय, २०१४ सालीं मराठवाड्यावर झाली तशा गारपिटीनें भोंकें पडलीं आहेत काय? परसांतले तुकडे, जुनी पाण्याची टाकी आणि नळ्याही तपासाव्या.

कायद्याचें साह्य येथें मर्यादित आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमानें, विकणाऱ्यास ठाऊक असलेला आणि घेणाऱ्यास साधारण दक्षतेनेंही न कळणारा मोठा दोष सांगणें विकणाऱ्यास भाग आहे. परंतु छप्पर तर सर्वांसमोर उघडें असतें! तेव्हां विचारणाऱ्यानें विचारावें, उत्तर करारनाम्यांत लिहून घ्यावें आणि पत्रे उतरविण्याचा खर्च किंमतींतून वजा मागावा. खरेदीखत झाल्यावर ही मागणी करून उपयोग होत नाहीं.

पत्रे धड असतील तर ते राहूं द्यावे. त्यांना भोंक पाडून पंखा टांगूं नये, ते घासून रंगवूं नये, खालीं पडलेली भुकटी कोरड्या केरसुणीनें झाडूं नये. ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी. पत्र्यावर चढूं तर नयेच. तो पायाखालीं फुटून माणूस खालीं कोसळतो.

उतरवावयाचेच असतील तर खरी परीक्षा येथें आहे. घर ताब्यांत येतें, पावसाळ्यापूर्वीं स्लॅब टाकण्याची घाई असते, आणि दोन मजूर हातोडे घेऊन छपरावर चढतात. तासाभरांत काम होतें. अंगणांत तुकड्यांचा ढीग पडतो आणि त्यावर मुलें खेळतात. असें होऊं देऊं नये. पत्रे आधीं पाण्यानें भिजवावे, नटबोल्ट सोडवून अखंड काढावे, वरून न फेंकतां हातोहात उतरवावे आणि जाड प्लॅस्टिकमध्यें गुंडाळावे. मजुरांस सूक्ष्म धूळ अडविणारे, तोंडावर घट्ट बसणारे मुखवटे द्यावे. नाकाला रुमाल बांधणें पुरेसें नाहीं. त्यांचे कपडे घरच्या धुण्यांत मिसळूं नयेत. तुकडे नाल्यांत टाकूं नयेत, खड्ड्यांत भर म्हणून कुटून घालूं नयेत; त्यांची विल्हेवाट कोठें लावावयाची हें नगरपरिषदेस व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास आधींच विचारावें.

या साऱ्यास चार पैसे अधिक लागतात, दोन दिवस अधिक मोडतात. ते वांचविले तर कोणाचे वांचतात, याचा विचार मालकानें करावा. हातोडा चालविणारा मजूर त्या घरांत कधींच राहणार नसतो. तीस वर्षांनीं त्याला धाप लागेल, तेव्हां अंबडच्या कोणत्या घराचें छप्पर आपण फोडलें होतें, हें त्याला स्मरणारही नाहीं. आणि त्या नव्या स्लॅबखालीं सुखानें निजणाऱ्यांना त्याचें नांवही ठाऊक नसेल. घराची किंमत ठरवितांना त्या श्वासाचें मोल आधींच धरलें, तर तो सौदा खरोखर पुरा झाला असें म्हणतां येईल.