आवाज कुठून येतो?



आपल्या परभणी जिल्ह्यात गावोगावी हरिनाम सप्ताह बसतात. काल्याच्या कीर्तनाला मंडप फुलून जातो आणि उशिरा आलेली माणसं मागच्या खांबाला टेकतात. मला आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे. महाराज समोर उभे, आवाज मात्र डोक्यावरच्या कर्ण्यातून. डोळे एकीकडे, कान दुसरीकडे. हळूहळू लक्ष उडतं, कुजबुज सुरू होते. यात त्यांच्या भक्तीचा काही दोष नाही. कर्ण्याची वेळ चुकलेली असते.

उजवीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोचतो. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण तेवढ्यावर मेंदू दिशा ओळखतो. सिनेमागृहातली सराउंड रचना याच जाणिवेवर उभी आहे. ५.१ पद्धतीत तीन स्पीकर समोर, दोन बाजूंना जरासे मागे आणि खर्जासाठी एक वेगळा. पाऊस, बाजार, रातकिडे चहूकडून ऐकू येतात. संवाद मात्र सहसा समोरच्या मधल्या स्पीकरमधूनच. म्हणून तर आपण त्या प्रसंगात शिरतो. नुसते स्पीकर वाढवून हे साधत नाही.

गंगाखेडला, संत जनाबाईंच्या गावी, दिंडीत चालून बघा. टाळ दोन्ही अंगांनी, मध्ये मृदंग. आवाज वेढून टाकतो, कारण वाजवणारेच आपल्याभोवती असतात.

कीर्तनाच्या मंडपात तसं नसतं. तिथे शब्द व्यासपीठाकडूनच यायला हवा. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तारेतून जवळपास तत्क्षणी. त्यामुळे ३४ मीटरवरच्या कर्ण्यातला शब्द व्यासपीठाजवळच्या स्पीकरमधल्या शब्दाआधी, सेकंदाचा दहावा भाग आधी, मागच्यांच्या कानी पडतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९च्या प्रबंधात दाखवलं, की आधी पोचलेल्या आवाजाचीच दिशा कान धरतो; मागोमाग आलेला आवाज थोडा मोठा असला तरी फरक पडत नाही. तेव्हा साउंडवाल्याला सांगा, मागच्या कर्ण्याला डिले, म्हणजे मुद्दाम उशीर, लाव: ३४ मीटरला १०० मिलिसेकंद, वर आणखी १०-१५. हल्लीच्या बहुतेक डिजिटल मिक्सरमध्ये ही सोय असते, वेगळा खर्च नाही.

सप्ताहाच्या मंडळींनी पहिल्याच दिवशी, मंडप रिकामा असताना, शेवटच्या रांगेत कुणाला तरी डोळे मिटून बसवावं. दुसऱ्या कुणाला माइकवर अभंग म्हणायला लावावं आणि आवाज कुठून येतो ते बसलेल्याला बोटाने दाखवायला सांगावं. बोट कर्ण्याकडे गेलं, तर डिले थोडा वाढवा आणि पुन्हा ऐकवा.