अंबाडीत मीठ कधी घालायचं?

अंबाडीवर माझी एक कविता आहे. मराठवाड्यातल्या कविसंमेलनांत ती मी अनेकदा वाचली, तिला दादही मिळाली. पण श्रोतेहो, आज कबूल करतो, ती लिहिली तेव्हा आणि त्यानंतरही कित्येक वर्षं मला अंबाडीची भाजी करता येत नव्हती. करणं सोडा, निवडताही येत नव्हती. आधी आई करायची, मग बायको. मी ताटावर बसायचो.

२०२१ साली बायको गेली. त्यानंतर दोनेक वर्षांनी, एका रात्री मुलीचा फोन आला. ती इंग्लंडात ब्रॅडफर्डला असते. बदनापुरात रात्रीचे अकरा, तिच्याकडे संध्याकाळ. घरात आम्ही दखनी बोलतो. ती म्हणाली, "अब्बा, अम्मी अंबाडी में निमक पैले डालती थी, की बाद में?"

मला उत्तर देता येईना. पंचवीस वर्षं त्या हातचं खाल्लं आणि मीठ कधी पडतं ते ठाऊक नाही! "आपाला विचारून सांगतो," म्हणून फोन ठेवला.

आपा म्हणजे माझी थोरली बहीण. सकाळी तिला विचारलं तर ती हसली. "भाजी बैठने दे, फिर निमक डाल." पाला आधी पातेलंभर दिसतो, शिजला की मूठभर होतो. ढीग बघून मीठ टाकलं की भाजी खारट झालीच. कुठल्याही पालेभाजीचा हाच नियम. सगळ्या बायकांना माहीत असलेली ही गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर कळली.

२०२४ च्या मे महिन्यात मी मुलीकडे गेलो. सोबत ज्वारीच्या कण्या नेल्या आणि तुरीची डाळ नेली. बदनापूर तुरीचं गाव. आमच्या कृषी संशोधन केंद्रानं काढलेली 'बीडीएन ७११' मराठवाड्यात कुणाला सांगावी लागत नाही. अंबाडी मात्र नेता आली नाही. ताजा पाला तिकडे न्यायचा तर वनस्पती-आरोग्याचा सरकारी दाखला लागतो. जुडीभर भाजीसाठी कोण दाखला काढणार?

ब्रॅडफर्डमध्ये भाजीला तोटा नाही. तिथल्या कापडगिरण्यांत कामाला म्हणून मीरपूरकडची माणसं पन्नास-साठच्या दशकांत आली आणि तिथलीच झाली. त्यांच्या दुकानांत मेथीच्या, कोथिंबिरीच्या जुड्या रचलेल्या असतात. दुकानदार चाचा 'साग' म्हटलं की मोहरीचा पाला काढून देतो. अंबाडी म्हटलं की तोंडाकडे बघत राहतो. मुलीनं त्याला पानाचं चित्र काढून दाखवलं होतं. पाच बोटांचं ते पान बघून तो भलतंच काही समजला आणि मान हलवत आत गेला!

गंमत म्हणजे अंबाडी त्या गावात होती. एका दुकानात लोणच्याच्या बाटल्यांत 'गोंगुरा' लिहिलेली बाटली होती. मुलगी तिच्यावरून कितीदा गेली असेल. गोंगुरा म्हणजे तेलुगू माणसाची अंबाडीच. आपण १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात एकत्र होतो, तो शब्द मला ओळखीचा होता. पण लोणचं ते लोणचं. त्याची भाजी होत नाही.

मग आम्ही बापलेक पालकावर आलो. तिथला पालक पिशवीतून येतो, धुतलेला, कोवळा, निवडायला काही उरतच नाही. त्याला पाणी फार सुटतं, म्हणून वरून थेंबही घालायचा नाही. आंबटपणासाठी पहिल्या दिवशी लिंबू पिळलं. पाला एकीकडे, लिंबू एकीकडे. दुसऱ्या दिवशी चिंच घातली, भाजी काळपट झाली आणि चव आमटीची आली. लसणाची फोडणी दिली तर छतावरचं धुराचं यंत्र कोकलायला लागलं. जावई टॉवेल घेऊन त्याच्याखाली वारा घालत उभा. मुलीला हसू आवरेना. आई गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

शेजारच्या परसात मोठ्या पानांचं, लाल देठांचं एक झाड होतं. मी कुंपणावरून देठ तोडून चावून बघितला. आंबट! अगदी आपल्या चुक्याचा भाऊ. पानही तोडायला गेलो तर शेजारची म्हातारी हात हलवत धावत आली. ते रुबार्ब. देठ खायचा, पान विषारी. चुका आणि रुबार्ब एकाच कुळातले, पण चुक्याचं पान आपण खातो आणि याचं पान माणसाला आजारी पाडतं. तिकडे वेकफील्डच्या बाजूला हिवाळ्यात हे पीक अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात तोडतात, जास्त उजेड लागला तर देठाचा कोवळेपणा जातो म्हणून. म्हातारीनं स्वतः चार देठ कापून दिले. तिकडे त्याचा साखर घालून गोड पदार्थ करतात. आम्ही त्यात लसूण-मिरची घालणार म्हटल्यावर तिनं डोळे मिटून घेतले.

डाळ आणि कण्या आधी शिजवल्या. आंबट आधी पडलं की डाळ शिजत नाही, हेही आपानंच फोनवर सांगितलं. मग देठाचे तुकडे, मग पालक, पाला बसल्यावर मीठ, शेंगदाणे आणि वरून फोडणी, या वेळी खिडकी उघडून. भाकरी मुलीनं थापली. पहिला घास घेऊन ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अम्मी की नै, लेकिन अच्छी है." तिचं खरं होतं.

ऑगस्टमध्ये परत आलो आणि थेट आपाच्या शेतावर गेलो. पूर्वी तुरीच्या कडेनं अंबाडीचं एक तास असायचंच. पाला ताटात यायचा, वाखाचे दोर वळायचे. नायलॉनचे दोर आले, वाख कुणाला नको झाला. मग सोयाबीन आलं, तणनाशक आलं, बांधावरची घोळ आणि तांदुळजाही गेले. मुलगी साता समुद्रापार शोधत होती ती अंबाडी मला बहिणीच्या शेतातही मिळेना. शेवटी विहिरीजवळ आपानं घरापुरती लावलेली पाचपंचवीस झाडं दिसली. ओंजळभर शेंडे खुडून आणले. खुडताना हाताला काटे लागतात, हे कवितेत आलेलं नाही.

त्या रात्री घरी एकट्यानं केली. पाला उकडला, आंबट पाणी पिळून काढलं, डाळ-कण्यांत घोटला, फोडणी दिली. ताटलीचा फोटो मुलीला पाठवला. लगेच तिचा फोन आला, "अब्बा, निमक कब डाले?"

मीठ घालायचंच राहिलं होतं.