साहेब दुजाभाव करतात? वकील मोफत मिळतो



काम तेच, मशीन तेच.
पण सुपरवायझर ओव्हरटाइम देतो, तो पुरुषांनाच.
बाई गरोदर आहे असं कळलं,
की तिच्यापुढे राजीनाम्याचा कागद सरकवतो.

मैत्रिणींनो, त्या कागदावर सही करू नका.

वकिलाची फी परवडणार नाही,
म्हणून कितीतरी जणी गप्प बसतात.
याचं फार वाईट वाटतं.
कारण महिलांना वकील मोफत मिळतो.
१९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं हा हक्क दिला आहे.
उत्पन्नाची अट नाही.
अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग व्यक्तींनाही ती नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा.
साधा अर्ज द्या.
लिहिता येत नसेल, तर तोंडी सांगा.
तिथे लिहून घेतात.

सोबत नेमणूकपत्र न्या, पगाराची पावती न्या.
साहेबांचे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका.
आणि एक वही ठेवा.
साहेब काय बोलले, कधी बोलले, शेजारी कोण होतं,
ते त्याच संध्याकाळी लिहा.
महिन्याभरानं शब्द नेमके आठवत नाहीत.

घरातून विचारायचं असेल,
तर फोन करा १५१०० वर.
पुन्हा सांगते,
एक, पाच, एक, शून्य, शून्य.
वकील मोफत मिळतो.